आर्जव आणि काळा सुतार



गेला आठवडाभर चिंतन आलं नाही म्हणून दोघातिघांनी विचारलं. मी गणेशगुडीला गेलो होतो, पक्षी बघायला. परत येऊन चार दिवस झाले, पण लिहायला बसवेना. कारण सांगतो. तेराव्या अध्यायात आपण क्रमाने एकेक गुण घेत चाललो आहोत. अमानित्व झालं, अदंभित्व झालं, अहिंसा आणि क्षांती झाली. पुढचा शब्द आर्जव. आणि ट्रिपवरून मी जे घेऊन आलो होतो ते नेमकं याच शब्दाखाली मांडावं लागणार होतं. शब्द गाळून पुढे जावं असंही एकदा मनात आलं. पण क्रम मोडायचा नाही हे पहिल्या दिवशी मीच लिहून ठेवलंय.

आधी शब्दाबद्दल. ऋजु म्हणजे सरळ, त्यावरून आर्जव, म्हणजे सरळपणा. मराठीत मात्र या शब्दाचं काहीतरी विचित्र झालं. आपण आर्जव ‘करतो’. साहेबाची करतो, बँकेत करतो, रुसलेल्या बायकोची करतो. म्हणजे मूळ अर्थ ताठ कण्याचा आणि आपण तो वाकून विनवण्यासाठी वापरतो. गीतेतल्या शब्दाला हा अर्थ नाही. तिथे मन, बोलणं आणि वागणं एका रेषेत असणं एवढंच आहे.

आणखी एक गोष्ट मला इंजिनिअर म्हणून या अध्यायात नेहमी चक्रावते. भगवंत इथे ‘ज्ञान’ कशाला म्हणतात ते सांगताहेत. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा व्याख्येची वाट बघत होतो. व्याख्या येतच नाही. येते ती वागण्याची यादी. मान न मिरवणं, दंभ नसणं, क्षमा, सरळपणा... आणि शेवटी म्हणतात, हे ज्ञान, बाकीचं अज्ञान. माहितीचा कुठे उल्लेखच नाही! किती पक्षी ओळखता येतात हा प्रश्न तर दूरच.

आता पक्ष्यांकडे येतो.

आमचा नऊ जणांचा ग्रुप. पुण्याहून रात्रीची गाडी, सकाळी लोंढा, तिथून रामनगरवरून जीपने गणेशगुडी. काळी नदीवर सुपा धरण आहे त्याच्या जवळचं हे गाव. सगळा भाग जोयडा तालुक्याचा, काळी व्याघ्र प्रकल्पाच्या आसपासचा. धरण कर्नाटकात असलं तरी चहाच्या टपरीवर मराठी चालते, कोकणी तर चालतेच. पक्षी बघणाऱ्यांना हे ठिकाण नवीन नाही. कर्णा, धनेश, शामा, सगळे दिसतात. पण आमच्या ग्रुपमधल्या बहुतेकांचा जीव अडकला होता तो पांढऱ्या पोटाच्या मोठ्या काळ्या सुतारात. सह्याद्रीतला हा सगळ्यात मोठा सुतारपक्षी, साधारण 48 सेंटिमीटर, म्हणजे डोमकावळ्याएवढा. अंगभर काळाकुट्ट, पोट पांढरं, डोक्यावर लाल तुरा. मोठी, जुनी, वठलेली झाडं जिथे शिल्लक आहेत तिथेच तो टिकतो. रानात उभी मेलेली झाडं ‘साफ’ केली की त्याचं घर आणि जेवण दोन्ही जातं.

ग्रुपमध्ये एक काका होते. आयटीआयमध्ये त्यांनी आयुष्यभर सुतारकाम शिकवलं. वय सत्तरच्या पुढे, गुडघे दुखरे, दुर्बीण जुनी आणि जड. ‘‘सगळ्या सुतारांमधला हेडमास्तर बघायचाय रे मला,’’ असं ते गाडीत म्हणाले होते. या पक्ष्यासाठी त्यांची ही तिसरी खेप होती.

पहिल्याच संध्याकाळी आवाज आला. ज्यांनी ऐकला नाही त्यांना सांगतो, सुतारपक्ष्याचे ठोके दोन प्रकारचे असतात. किडे काढताना तो ठोकतो ते वेडंवाकडं, थांबत थांबत. ठक. ठक ठक. मग शांतता, मग पुन्हा ठक. पण हद्द सांगायची असेल किंवा जोडीदाराला साद घालायची असेल, तेव्हा तो वाजेल असं वाळकं लाकूड निवडून इतक्या भरभर ठोकतो की ठोके मोजता येत नाहीत, ढोल घुमल्यासारखं रान घुमतं. त्या संध्याकाळी ढोल घुमला. वाटाड्याने बोट केलं. ‘‘तो वठलेला ऐन बघा सर, दोन फांद्या फुटल्यात तिथून डावीकडे, खोडाला चिकटलाय.’’

एकेक जण ‘‘आहा’’, ‘‘अरे बाप रे’’ म्हणायला लागला. माझ्या दुर्बिणीत नुसती पानं. वठलेली झाडं मला तीन दिसत होती आणि त्यातलं ऐन कोणतं ते कळत नव्हतं. शेजारच्याने विचारलं, ‘‘मिळाला ना?’’

मी म्हणालो, ‘‘हो हो, मिळाला.’’

का म्हणालो? खूप विचार केला यावर. कुणी रागावणार नव्हतं, बक्षीस नव्हतं. पण ऑफिसात बारा वर्षं रोज सकाळच्या मीटिंगला मी हेच करत आलोय. कुणीतरी स्क्रीनवर डिझाइन दाखवतो, विचारतो, ‘सगळ्यांना क्लिअर आहे ना?’ आणि आपण मान हलवतो. समजलेलं नसतं. नंतर बघू म्हणतो. मान आपोआप हलते. रानातही ती आपोआपच हलली.

पुढे आणखी वाईट आहे. तेवढ्यात पक्षी उडाला. शेजारच्याने विचारलं, ‘‘नर होता ना रे?’’ मी म्हणालो, ‘‘नरच.’’ मग मोबाईल काढून ई-बर्डच्या यादीत नोंद केली, संख्या एक, शेरा ‘नर’. सगळ्यात गंमत ही, की त्या यादीत नुसता आवाज ऐकलेला पक्षीही नोंदवता येतो. ‘ऐकला’ लिहिलं असतं तर ती पूर्ण खरी आणि चालणारी नोंद होती. खोटं बोलायची गरजच नव्हती.

रात्री जेवताना वाटाड्याने दुसऱ्या दिवसाचं ठरवायला घेतलं. बेत असा होता की पहाटे धरणाच्या पाण्याकडे जायचं, तिथे निळ्या कानाचा खंड्या दिसतो. तो म्हणाला, ‘‘सुतार कोणाचा राहिलाय काय? दोन-तीन जण असतील तर सकाळी परत त्याच झाडाजवळ थांबू. खंड्या परवा करू.’’

काकांनी हात वर केला. एकट्यांनी. ‘‘मला नाही दिसला बुवा. डोळे आता साथ देत नाहीत.’’

वाटाड्याने पुन्हा विचारलं, ‘‘आणखी कोण?’’

पंगतीत मी काकांच्या शेजारी होतो. ताटात भात होता. मी भात कालवत राहिलो.

‘‘मग एकट्यासाठी सगळ्यांना कशाला अडकवता,’’ काकाच म्हणाले. ‘‘जाऊ खंड्याला. बघू पुढे.’’

हे असं सहज झालं. कुणाला त्यात काही वाटलंही नाही. माझा हात वर गेला असता तर दोन झाले असते, आणि तो स्वतःच म्हणाला होता की दोघं असतील तर थांबू. हा हिशेब मी तेव्हाच केला होता. नंतर सुचला असं सांगायचा मोह होतोय, पण तो तेव्हाच केला होता.

माउलींनी आर्जवाचे दृष्टान्त अगदी साधे दिले आहेत. सूर्य कोणाचं तोंड बघून उजेड देत नाही, असं एक. आणि दुसरा दृष्टान्त मुलाचा. आईसमोर जाताना मुलाच्या मनात कसली शंका नसते, तसा सरळ माणूस आपलं मन लोकांपुढे ठेवायला कचरत नाही. मी हे आजवर कितीदा तरी वाचलं. वाचताना माझं लक्ष नेहमी आईकडे जायचं, वात्सल्याकडे. या वेळी मुलाकडे गेलं. लहान मूल आईला ‘मला नाही दिसलं’ असं म्हणायला लाजत नाही. चांदोबा कुठाय, कुठाय, करत ते तिचा पदर ओढतं, तिच्या बोटाच्या रेषेत आपलं डोकं आणतं आणि दिसेपर्यंत सोडत नाही. न दिसणं ही त्याला लाजेची गोष्ट वाटतच नाही. ती कधीपासून वाटायला लागते? मला वाटतं शाळेत, दुसरी-तिसरीत कधीतरी.

दुसऱ्या दिवशी खंड्या दिसला, छान दिसला. काकांनाही दिसला. रात्री शेकोटीपाशी मी सुतारपक्ष्यावर माझं ठेवणीतलं भाषण दिलं. दोन बोटं पुढे, दोन मागे, शेपटीची पिसं ताठ, त्यांचा टेकू घेऊन तो खोडावर बसतो. जीभ इतकी लांब की तिच्या मुळाची हाडं कवटीला मागून वळसा घालून पुढे येतात. आणि एवढे ठोके मारूनही मेंदू शाबूत, कारण कवटीत शॉक अॅबसॉर्बर असतो. हे शेवटचं मी आमच्या टीमला प्रेझेंटेशनमध्येसुद्धा सांगितलंय. ग्रुपमधली एक कॉलेजची मुलगी म्हणाली, ‘‘दादा, ते आता चुकीचं ठरलंय ना?’’ मी हसून विषय बदलला.

घरी येऊन शोधलं. ती बरोबर होती. 2022 मध्ये ‘करंट बायॉलॉजी’ या नियतकालिकात अभ्यास आला आहे. सुतारपक्ष्यांच्या ठोक्यांचं अतिवेगवान चित्रण करून संशोधकांनी पाहिलं की चोच आणि कवटी एकदमच थांबतात. मध्ये धक्का शोषणारं काही नाही. आणि असतं तर त्याचंच नुकसान होतं, गादी लावलेल्या हातोडीने खिळा ठोकल्यासारखं झालं असतं. मेंदू वाचतो तो लहान असल्यामुळे. त्यांनी पाहिलेल्या तीन जातींत युरोपातला काळा सुतारही होता, म्हणजे आपल्या पांढऱ्या पोटवाल्याचा सख्खा चुलतभाऊ. चोच आणि डोकं यांच्यात गादी नाही, हे वाचून मी लॅपटॉप मिटला आणि जरा वेळ गॅलरीत जाऊन उभा राहिलो. जिभेवर येण्याआधी मी कितीतरी गोष्टी गादीतून काढतो.

तिसरा दिवस निघायचा. पहाटे जाग आली म्हणून एकटाच बाहेर आलो. धुकं होतं. कॅम्पच्या कुंपणाशी उभा होतो तर अगदी जवळून ठक. मग ठक ठक. ढोल नाही, कामाचे ठोके. कुंपणापलीकडे एक झाड होतं, साल सुटलेलं, शेंडा मोडलेला. त्याच्यावर माझ्या डोक्याहून थोडी वर, दुर्बीण नकोच अशा अंतरावर, ती बसली होती.

ती, कारण मादी होती. नराला कपाळापासून लाल टोपी असते आणि गालावर लाल पट्टा. हिच्या कपाळाचा रंग काळाच, लाल फक्त डोक्याच्या मागच्या भागावर. चोचीने ती साल उचकटायची, डोकं तिरकं करून आत बघायची, मग मान मागे घेऊन अख्खं अंग त्या एका ठोक्यात घालायची. एकेक कपचा उडून खाली पडत होता, पानांवर पडल्याचा आवाज मला येत होता. मधेच शेपटी टेकवून नुसतीच बसायची. तिला मी दिसत असणार. पण माझ्याशी तिला काही घेणंदेणं नव्हतं.

बारा-पंधरा मिनिटं असतील. मंडळी, आयुष्यात पहिल्यांदा मी तो पक्षी बघत होतो आणि मला ओरडता येत नव्हतं! कुणाला सांगणार? माझ्या यादीत तो परवाच आलेला होता, तोही नर. स्वतःच्या आनंदालाच मी कुलूप घालून बसलो होतो.

मग काकांची आठवण झाली. लाज वाटते लिहायला, पण लगेच नाही झाली. पोटभर बघून झाल्यावर झाली. धावत गेलो, त्यांच्या तंबूची चेन वाजवली. काका उठले, मफलर गुंडाळला, चपलेवरच निघाले. गुडघ्यामुळे पायऱ्या उतरायला वेळ लागला. मी त्यांचा हात धरला होता आणि मनात एकच नाम, पांडुरंगा थांबव तिला, थांबव तिला.

पोचलो तर झाड मोकळं.

दहा मिनिटं थांबलो. लांब कुठेतरी एकदा तिची हाक आली आणि संपलं. काका खाली वाकले. झाडाच्या बुंध्याशी पांढऱ्या, ताज्या कपच्यांचा सडा पडला होता. त्यांनी एक उचलली, बोटावर फिरवली, उजेडात धरली. ‘‘बघ, भुसा नाही केलेला. पटाशी मारल्यासारखी कपची काढलीये, रेघ धरून. माझ्या पोरांना हे शिकवायला सहा महिने लागायचे.’’ आणि त्यांनी तीन-चार कपच्या वेचून मफलरच्या टोकाला बांधल्या.

तेव्हा मी सांगितलं. परवा मला दिसला नव्हता काका. जेवताना मी हात वर करायला हवा होता. केला असता तर काल आपण त्या ऐनाखाली थांबलो असतो.

काका कपच्यांना गाठ मारत होते. म्हणाले, ‘‘मला ठाऊक होतं.’’

‘‘कसं?’’

‘‘तुझी दुर्बीण सागाकडे होती रे. मी लाकडातला माणूस आहे, मला पक्षी दिसला नसेल पण ऐन कुठला ते दिसत होतं.’’

मग जरा थांबून म्हणाले, ‘‘जेवताना मी तुझ्याकडे बघितलं होतं. म्हटलं, करेल आता हात वर.’’

त्यांनी ‘असू दे’ म्हटलं नाही. मला वाटत होतं म्हणतील. मोठी माणसं म्हणतात ना, असू दे रे, चालतं. ते तसं म्हणाले असते तर मी हे चिंतन लिहिलं नसतं, हलकं वाटून विसरून गेलो असतो. ते फक्त म्हणाले, ‘‘चल, चहा थंड होईल,’’ आणि माझ्या खांद्याचा आधार घेऊन पायऱ्या चढले. हात काढून घेतला नाही, एवढंच मला दिसलं.

गाडीत बसल्यावर मी पहिल्या दिवसाची नोंद दुरुस्त केली. ‘नर’ काढलं, ‘फक्त आवाज’ लिहिलं. तिसऱ्या दिवसाची नवी नोंद केली, मादी, एक. मोजून दोन मिनिटांचं काम. पण ग्रुपचं काय? परत आल्यावर कुणीतरी व्हॉट्सअॅपवर फोटो टाकला होता, काका वगळता आम्ही आठ जण, खाली मजकूर ‘काळ्या सुताराचे आठ साक्षीदार’. मी त्याला अंगठा दिलेला होता. तो अंगठा चार दिवस तसाच होता. एका माणसाला एकांतात सांगणं जमलं, तेही बहुधा त्यांच्या हातात कपच्या होत्या म्हणून. आठ जणांना उघड सांगायचं तर पोटात गोळा येत होता. भगवंतांनी या यादीत अमानित्व सगळ्यात पहिलं का ठेवलं ते तेव्हा कळायला लागलं. मान सांभाळायचा असेल तर सरळपणाची पाळीच येत नाही.

काल रात्री ज्ञानेश्वरी उघडून बसलो, आर्जवाच्या ओव्या पुन्हा वाचल्या, आणि झोपायच्या आधी ग्रुपवर लिहिलं. घडलं तसं, चार ओळींत. पहिल्या संध्याकाळी मला पक्षी दिसला नव्हता, मी खोटं बोललो, त्यामुळे काकांची सकाळ गेली. आठातून मला वजा करा. पाठवलं आणि फोन उलटा करून ठेवला.

सकाळी पाहिलं तर दोन नमस्कार, एक हसरा चेहरा. काकांनी काहीच लिहिलं नव्हतं, त्यांनी फक्त कपच्यांचा फोटो टाकला होता, देव्हाऱ्यात समईशेजारी ठेवलेल्या. आणि एक मेसेज ग्रुपवर नाही, मला एकट्याला आलेला होता. ‘मिळाला ना?’ असं ज्यांनी विचारलं होतं, त्या शेजारच्यांचा.

‘‘खरं सांगू का, मलाही नुसती फांदी हललेली दिसली होती. तू हो म्हणालास म्हणून मी पण.’’

उद्या आचार्योपासना घेऊ.

राम कृष्ण हरी.